‘अग्निशस्त्र’ या संज्ञेचा अर्थविस्तार आणि हवेची बंदूक

छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते; मग ती कायद्याच्या दृष्टीने ‘अग्निशस्त्र’ ठरते काय? प्रश्न वरवर शाब्दिक दिसतो. सिंदेवाहीसारख्या वनवेष्टित तालुक्यात मात्र पाखरांचे जीवित आणि बंदूक बाळगणाऱ्याचे स्वातंत्र्य ही दोन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

शस्त्र अधिनियम, 1959 मधील व्याख्येत स्फोटक द्रव्याने अथवा ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेने’ प्रक्षेप्य फेकणारे प्रत्येक शस्त्र समाविष्ट आहे. दाबलेली हवा हीही ऊर्जाच होय. म्हणजे समासातील ‘अग्नि’ हे पद येथे अर्थाचे नियमन करीत नाही. व्याख्येने व्युत्पत्तीस बाजूस सारले आहे. उलटपक्षी, ज्यांचा खेळण्यावाचून अन्य उपयोग होऊ शकत नाही आणि ज्यांचे खऱ्या शस्त्रात रूपांतरही शक्य नाही, अशी साधने तोच अधिनियम वगळतो. अर्थात ‘खेळणे’ हे नाव पुरेसे नसून क्षमता हीच कसोटी होय.

शस्त्र नियम, 2016 यांनी ही कसोटी आकड्यांत मांडली. नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 ज्यूलहून किंवा नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरहून अधिक असल्यास हवेच्या बंदुकीस परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदास सुमारे 283 मीटर वेगाने सुटला, की ऊर्जेची ही मर्यादा गाठली जाते. ‘एअरसॉफ्ट’ची 0.2 ग्रॅमची प्लॅस्टिकची गोळी सेकंदास 100 मीटर वेगाने सुटली, तरी ऊर्जा अवघी एक ज्यूल भरते. परंतु तिचा व्यास सामान्यतः 6 मिलिमीटर असतो. ऊर्जेच्या कसोटीस उतरणारे हे साधन व्यासाच्या कसोटीपाशी अडखळते, आणि मग ‘खेळणे’ या अपवादाचाच आश्रय शोधावा लागतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 हा ज्यूल मोजीत बसत नाही. प्राण्यास इजा करू शकणारे कोणतेही उपकरण, मग ते धनुष्यबाण असो वा फासा, त्याच्या लेखी हत्यारच आहे. ते घेऊन पूर्व लेखी परवानगीवाचून अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. शिवाय कलम 34 अन्वये अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहून शस्त्र बाळगणाऱ्याने नावनोंदणीसाठी अर्ज करणे आवश्यक आहे. शस्त्र अधिनियमातून सूट मिळालेलाही यातून सुटत नाही. याच जिल्ह्यात ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 मध्ये व अंधारी अभयारण्य 1986 मध्ये स्थापन झाले, हे ध्यानी घेतल्यास या तरतुदीचे स्थानिक महत्त्व स्पष्ट होते.

तात्पर्य, परवान्यातून सूट म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. विनापरवाना बाळगता येणाऱ्या बंदुकीने पोपट वा होला टिपला, तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच होय.