आपली फाइल कोणत्या साहेबाकडे?

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. दरांवर गल्लोगल्ली वाद झाले; दाद मागायची कोणाकडे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. तोवर माल तयार झाला की केंद्राचे अबकारी खाते आणि विकला की राज्याचे विक्रीकर खाते, अशी ढोबळ वाटणी होती. नव्या करात दोघेही वाटेकरी झाले, खात्यांची फेररचना झाली. धारावीत चामड्याच्या पिशव्या करणारा किंवा भिवंडीचा कापडवाला नेमका कोणाच्या हद्दीत?

लेखी उत्तर मिळाले ते 20 सप्टेंबर 2017 च्या परिपत्रकाने. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्यांपैकी 90 टक्के राज्याकडे, 10 टक्के केंद्राकडे. त्यावरच्यांची निम्मी-निम्मी वाटणी. निवड संगणकाने करायची. निकष उघड ठेवले, हे चांगलेच झाले. पण कर सुरू होऊन अडीच महिने उलटल्यावर! एवढ्या काळात छोट्या माणसाने हेलपाटे घालायचे तरी किती? शिवाय 5 ऑक्टोबर 2018 च्या पत्राने केंद्रीय मंडळाने स्पष्ट केले की गुप्त माहितीवरून होणारी कारवाई दोघांपैकी कोणताही अधिकारी सुरू करू शकतो. म्हणजे एक खिडकी म्हणता म्हणता दुसरीही किलकिली राहिली.

याच मंडळाने एक काम मात्र मनापासून दाद द्यावी असे केले. 8 नोव्हेंबर 2019 पासून समन्स, झडतीचा हुकूम, चौकशीचे पत्र अशा कागदांवर संगणकाने दिलेला डीआयएन क्रमांक सक्तीचा केला, आणि पुढच्याच महिन्यात तो सर्व पत्रव्यवहाराला लावला. क्रमांक नसलेला कागद निघालाच नाही असे समजायचे. अडचणीमुळे क्रमांक टाकता आला नाही तर त्याचे कारण लेखी नोंदवायचे आणि 15 कामकाजी दिवसांत क्रमांक घ्यायचा. खरा कागद आणि कोणीतरी धाक दाखवायला आणलेला कागद यांतला फरक दुकानदाराला मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासता येतो. 2025 च्या परिपत्रकानुसार जीएसटी पोर्टलवरून आलेल्या आणि आरएफएन क्रमांक असलेल्या कागदावर वेगळा डीआयएन लागत नाही. हा सगळा नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 प्रमाणे अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असतात, निर्णयाची कारणे बाधितांना सांगायची असतात. मागायला गेलो तर साहेब रागावतील, या भीतीने आपण गप्प बसतो. त्याची गरज नाही.

व्यापारी बंधूंनी जीएसटी पोर्टलवर आपला नोंदणी क्रमांक टाकून पाहावा. प्रशासकीय कार्यालय केंद्राचे की राज्याचे, ते तेथे दिसते. कागद आला की आधी ते कार्यालय आणि कागदावरचा क्रमांक ताडून पाहावा, मग वकिलाकडे जावे.