नवा मासा, वेगळी टाकी
खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी नवा मासा आणला की तो थेट जुन्यांत सोडायचा मोह होतोच. दुकानात तो चपळ होता, खातही होता, मग अडचण काय? अडचण आहे क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीच्या जीवनक्रमात. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उठतात, काही दिवसांत नाहीसे होतात आणि मालक निर्धास्त होतो. परजीवी मात्र तळाशी कोष करून बसलेला असतो. कोष फुटायला कधी 3 दिवस लागतात, तर कधी 4 आठवडे. मुख्य टाकीत तांब्याचे औषध घालावे, तर प्रवाळ आणि कोळंबी मरतात. म्हणून महिनाभर वेगळी टाकी हवीच.

तिथे मासा बिचकतो, हा आक्षेप खरा आहे. पण आडोशाला प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे पुरतात, आणि मुख्य टाकीत मुरवलेला स्पंज फिल्टर अमोनिया आवरतो. मासा लांबून आला असेल, तर थेंबाथेंबाने पाणी मिसळण्याची लोकप्रिय रीतही उलटू शकते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया सौम्य राहतो. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. त्यापेक्षा वेगळ्या टाकीचा खारटपणा आधीच पिशवीइतका ठेवावा, तापमान जुळताच मासा सोडावा आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे.