चोविसाव्या दिवशी सुटलेली नोकरी

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमधल्या इमारतींत रमजानच्या दिवसांत पहाटे चारलाच दिवे लागतात. कुकरच्या शिट्ट्या, जिन्यावरून दिलेल्या हाका, कुणाच्या तरी मोबाइलचा गजर. या गडबडीत आमच्या मजल्यावरची एक मुलगी रोज सहरी करून, नमाज पढून, धुतलेला गणवेश पिशवीत घालून सातच्या लोकलला निघायची. वय बावीस. तीन वर्षांचा जीएनएमचा अभ्यासक्रम पुरा करून नर्स झालेली, खानदानातली पहिली. तिच्या अम्मीने साड्यांना फॉल-पिको करून फी भरली होती. शेवटच्या वर्षी कानांतलेही मोडले होते.

दहाव्या रोजाला दुपारी मला ती वाशी स्टेशनच्या बाकावर बसलेली दिसली. ड्युटीच्या वेळी इथे कशी, असे विचारले तर म्हणाली, "खाला, नोकरी गेली. आठवडा झाला. पासाचे अजून चार दिवस आहेत." मानखुर्दहून गाडीत बसायचे, पनवेलपर्यंत जायचे, परत वाशीला येऊन दुपार काढायची आणि ड्युटी सुटण्याच्या वेळी घरी पोचायचे, असा तिचा दिनक्रम चालला होता. रोजा असल्यामुळे डब्याचा प्रश्न नव्हता. घरी कुणाला संशय आला नाही.

नोकरी गेली ती कामाला लागल्याच्या चोविसाव्या दिवशी. खाडीपलीकडचे एक खासगी रुग्णालय. नव्या नर्सला वॉर्ड, औषधे, यंत्रे, नोंदवह्या यांची ओळख करून देण्याचा जो काळ असतो त्याला तिथेही ओरिएंटेशनच म्हणत. कागदावर तो महिन्याचा होता. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवसापासून तिच्याकडे सहा रुग्ण आले, कारण दोन जुन्या सिस्टर गावी गेल्या होत्या. तिचे हात सावकाश चालत. शिफ्ट संपली तरी तिच्या नोंदी लिहून व्हायच्या नाहीत.

मग तो सलाइनचा प्रसंग घडला. एका वृद्ध रुग्णाला आठ तासांत 500 मिली सलाइन द्यायचे होते. साध्या सेटमधून 1 मिलीचे साधारण 20 थेंब पडतात. त्या हिशेबाने मिनिटाला 21 थेंब होतात, आणि तिने तेवढेच लावले. पण आधीच्या पाळीने त्या बाटलीला मायक्रो सेट जोडला होता. त्यात 1 मिलीचे 60 थेंब होतात, म्हणजे मिनिटाला 62-63 थेंब हवे होते. तिच्या हिशेबाने रुग्णाला ठरल्याच्या तिसरा हिस्साच पाणी जात होते. वीस-पंचवीस मिनिटांनी तिच्या ते लक्षात आले. रुग्णाला काही झाले नव्हते. कळ फिरवून ती गप्प राहिली असती तर कुणालाही पत्ता लागला नसता. ती इन्चार्ज सिस्टरकडे गेली आणि जे झाले ते सांगितले.

दोन दिवसांनी तिला ऑफिसात बोलावले. "प्रोबेशन आहे, उद्यापासून येऊ नका." लेखी काही नाही, अनुभवाचा दाखला नाही. जी चूक तिने स्वतः सांगितली, तीच तिच्या नावापुढे लिहिली गेली.

मी तिला म्हटले, "तिथे खरं बोललीस, मग घरी का नाही?" ती बराच वेळ पुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिथं पेशंट होता. इथं अम्मी आहे."

रोजा म्हणजे नुसते उपाशी राहणे नव्हे, हे आपल्याकडे लहान मुलांनाही सांगतात. जिभेचाही रोजा असतो. खोटे सोडले नाही तर अन्नपाणी सोडून काय मिळवले, असा त्याचा अर्थ. तिला ते माहीत होते आणि तेच तिला खात होते.

नव्या नर्सची ही घालमेल काही मानखुर्दपुरती नाही. मार्लिन क्रेमर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने 1974 मध्ये यावर अख्खे पुस्तक लिहिले. वर्गात शिकलेले आणि वॉर्डात दिसणारे यांत जे अंतर असते, त्याचा धक्का नव्या नर्सला बसतो आणि अनेकजणी त्यातच हा पेशा सोडतात, हे तिने मांडले. पुढे 1984 मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नर्सच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर नर्स तिसऱ्या पायरीवर येते. आमच्या मुलीला मिळाले चोवीस दिवस.

इस्लामी परंपरेत पहिली परिचारिका म्हणून रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव घेतले जाते. मदिनेच्या मशिदीच्या आवारात त्यांचा तंबू असे. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना तिथेच नेले होते. रुफैदा हे काम वैद्य असलेल्या वडिलांच्या हाताखाली शिकल्या आणि मग त्यांनी इतर बायकांना शिकवले. आपल्या महाराष्ट्रात सावित्रीबाईंनी 1897 च्या प्लेगात रुग्णसेवा करताना प्राण दिला. अशा बायकांची नावे आपण भाषणांत घेतो. पण आजच्या सेवेकरी मुलीला शिकायला चार आठवडे द्यायचे, तर आपला हात आखडतो.

खासगी नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2016 मध्ये न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने, 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला 20 हजारांहून कमी पगार असू नये, अशी शिफारस केली. पगाराची निदान चर्चा तरी झाली. पण पहिल्या महिन्यात तिच्या शेजारी अनुभवी सिस्टर उभी असावी, तिची चूक ही शिकवण्याची संधी मानावी, याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. चूक सांगणारीलाच घरी पाठवले, तर उरलेल्या नर्स काय शिकतील? चूक झाकायला शिकतील. त्याची किंमत उद्या खाटेवरचा रुग्ण मोजेल, मग तो कुणाचाही बाप असो.

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी गेले. शेजारच्या काकूही आल्या होत्या. त्यांनी पालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी केली आहे, आणि रमजानात एकदा तरी त्या कलिंगड कापून आणतातच. मगरीबची अजान झाली, खजूर तोंडात गेला आणि पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता तिने सगळे सांगून टाकले. अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "त्या म्हाताऱ्यांना काही झालं नाही ना?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग रोज पहाटे उठून गाडीत कशाला धक्के खाल्लेस? झोपली तरी असतीस." मग दोघी रडल्या. काकू म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात नव्या सिस्टर बाथरूममध्ये जाऊन रडायच्या. त्यातल्याच पुढं मेट्रन झाल्या."

दुसऱ्या दिवसापासून अर्ज सुरू झाले. काकूंनी एक शहाणपणाची गोष्ट शिकवली: नेमणुकीचे पत्र हातात घ्यायचे, त्यात प्रोबेशन किती आणि शिकवणी किती ते वाचायचे, आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची व गुणपत्रिकांची प्रत द्यायची, मूळ कागद नाही.

दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी मेट्रनने विचारले, "आधीची नोकरी का सुटली?" तिने सेटची हकीकत सांगितली. मेट्रनने ड्रॉवरमधून दोन सेट काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "यातला मायक्रो कुठला?" तिने न चुकता उचलला. ईदनंतर रुजू व्हायचे आहे. सहा आठवडे एका ज्येष्ठ सिस्टरबरोबर, असे पत्रात लिहिले आहे. मी स्वतः वाचले.

ईदला तुम्ही आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला याल, तेव्हा ती भेटेल. आणि कधी तुमचे माणूस रुग्णालयात असेल, एखादी नवी सिस्टर घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत थेंब मोजत असेल, तर तिला घाई करू नका. मोजू द्या.