एकदा ओढला, तीनदा सुटला

पेंटबॉलच्या मार्करचा, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुकीचा, चाप एकदा ओढला तर किती गोळ्या सुटाव्यात? एक, असं कुणीही सांगेल. स्पर्धांच्या नियमातही बरीच वर्षं हेच उत्तर होतं. पुढे मोठ्या लीगना ते सोडून द्यावं लागलं. का, हे कळायला चाप आणि गोळी यांच्या मधे काय चालतं ते पाहायला हवं.

बहरीनमध्ये हिवाळा आला की मोकळ्या मैदानावरच्या खेळांना जीव येतो. शुक्रवारच्या सुट्टीत ऑफिसची मंडळी पेंटबॉल खेळायला जातात, तेव्हा भाड्याने हातात येतो तो बहुधा साधा यांत्रिक मार्कर. टिपमन 98 हा त्यातला जगभर दिसणारा नमुना. त्याच्या आत स्प्रिंगवर ताणलेला एक जड हातोडा एका खटक्याने अडवून ठेवलेला असतो. चाप ओढला की खटका बाजूला होतो आणि हातोडा पुढे झेपावतो. त्याला जोडलेला बोल्ट गोळीला नळीत ढकलतो, तेवढ्यात हातोडा व्हॉल्व्हवर आदळतो. सिलिंडरमधून सुटलेल्या वायूचा एक भाग गोळीला बाहेर फेकतो, दुसरा हातोड्याला मागे ढकलून पुन्हा खटक्यात अडकवतो. चाप पूर्ण सोडल्याशिवाय खटका पुढच्या गोळीला तयार होत नाही. म्हणून एक ओढ, एक गोळी.

निदान सगळं ठाकठीक असेल तर. सिलिंडर संपत आला की हातोडा मागे जातो खरा, पण खटक्यापर्यंत पोचत नाही. तसाच परत पुढे येतो, व्हॉल्व्हवर आपटतो, पुन्हा अर्धवट मागे जातो. चाप दाबलेला असो वा नसो, मार्कर टर्रर्र करून चालूच राहतो. झिजलेल्या खटक्यानेही हेच होतं. भाड्याचा मार्कर अचानक मशीनगनसारखा वागू लागला तर आनंदून जाऊ नका, नळी जमिनीकडे धरा आणि पंचांना हाक मारा.

स्पर्धेतले मार्कर मात्र इलेक्ट्रॉनिक असतात. त्यांचा चाप हातोड्याला शिवतही नाही. एक-दोन मिलिमीटर सरकून तो फक्त एक बारीक स्विच दाबतो, किंवा चुंबकाच्या वा प्रकाशाच्या सेन्सरला खबर देतो. पुढचं सगळं सर्किट बोर्ड ठरवतो. गोळी नीट बसली आहे का हे इन्फ्रारेड किरणाने पाहायचं, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडायचा, काही मिलिसेकंदांत बंद करायचा. बोर्डाच्या दृष्टीने चाप म्हणजे नुसता होकार किंवा नकार. घोळ सुरू होतो तो इथे.

मार्कर सैल हातात धरा आणि बोट चापावर अगदी हळू टेकवा. गोळी सुटली की मार्कर झटक्याने मागे जातो. बोट जागच्या जागी असल्यामुळे चाप त्याच्यापासून सुटतो. झटका ओसरून मार्कर पुढे आला की चाप स्वतःहून बोटावर येऊन आदळतो आणि बोर्डाला नवा होकार मिळतो. बोटाने काही केलेलं नाही, तरी दुसरी गोळी गेली, तिच्या झटक्याने तिसरी. याला ‘ट्रिगर बाउन्स’ म्हणतात. त्यात यांत्रिक स्विचचा धातूही बंद होताना सूक्ष्म थरथरतो आणि एका दाबाचे दोन-चार संकेत पाठवतो. म्हणून बोर्डात ‘डिबाउन्स’ नावाची सेटिंग असते: एक होकार आल्यावर इतके मिलिसेकंद दुसरा मानायचा नाही. ती वाढवली तर चाप शहाणा होतो, पण खेळाडूची खरी वेगवान बोटंही गाळली जातात. कमी केली तर फुंकर मारली तरी मार्कर बरसतो.

आता पंचाच्या जागी उभे राहा. नियम म्हणतो, एका ओढीला एक गोळी. समोरचा खेळाडू दोन बोटांनी चापावर तबला वाजवतोय आणि सेकंदाला बारा-तेरा गोळ्या जात आहेत. त्यातल्या किती बोटाच्या, किती बाउन्सच्या, आणि किती बोर्डात लपवलेल्या प्रोग्रॅमच्या? डोळ्यांना कळणं अशक्य. मार्कर उघडला तरी बोर्डावर काळी चिप दिसते, तिच्या आतला कोड नाही.

बहरीनकरांना हे दुखणं साखीरच्या सर्किटवरून ओळखीचं असायला हवं. फॉर्म्युला वनमध्ये चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, पण कुणी गुपचूप वापरतंय का हे पकडता येईना, म्हणून 2001 मध्ये ते सगळ्यांनाच खुलं केलं. 2004 ची साखीरची पहिली शर्यत त्याच्यासकट झाली. 2008 पासून प्रत्येक गाडीला एकच प्रमाणित कंट्रोल युनिट सक्तीचं झालं, तेव्हाच बंदी परत आणता आली.

पेंटबॉलमध्ये असा एकच बोर्ड सगळ्यांवर लादणं शक्य नव्हतं. प्रत्येक कंपनीचा मार्कर वेगळा, शिवाय बोर्ड बदलून देणाऱ्यांचा धंदा वेगळाच. म्हणून लीगनी बोटं मोजण्याचा नाद सोडला. 2000 च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांनी ‘रॅम्पिंग’ला परवानगी दिली. रूढ पद्धतीत पहिल्या तीन गोळ्या एका ओढीला एक अशा सुटतात. खेळाडू चाप चालवत राहिला तर चौथीपासून बोर्ड आपली भर घालतो. चाप थांबला की पुन्हा पहिल्यापासून. बदल्यात एक भिंत घातली: सेकंदाला 15 च्या वर नाही. पुढे ती टप्प्याटप्प्याने 10 च्या आसपास उतरवली.

माझ्या मते हा निर्णय अगदी शहाणपणाचा, कारण तो मोजता येतो. सेकंदाला 15 म्हणजे दोन गोळ्यांत सुमारे 67 मिलिसेकंद, 10 म्हणजे 100. मैदानाच्या कडेला उभा पंच आवाज टिपणाऱ्या टायमरवर हे अंतर वाचतो. ते ठरल्यापेक्षा कमी भरलं तर खेळाडू बाहेर, वर संघाला दंड. कारण बाउन्स होतं की बदमाशी, हा वादच उरत नाही. मर्यादा खाली येण्यात पैशाचाही भाग आहे. सेकंदाला 15 च्या वेगाने 200 गोळ्यांचा हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) तेरा सेकंदांत रिकामा होतो, आणि दोन हजार गोळ्यांचं खोकं सव्वादोन मिनिटांत.

दुसरं मोजमाप गोळीच्या वेगाचं. सर्वमान्य मर्यादा सेकंदाला 300 फूट, म्हणजे ताशी सुमारे 330 किलोमीटर. साखीरच्या सरळ पट्ट्यावर गाड्या जवळपास तेवढ्याच धावतात. आखातात यात हवामान आड येतं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये द्रव आणि वायू एकत्र असतात, आणि तापमान वाढलं की दाब चढतो. 31 अंशांच्या वर तर द्रव असा उरतच नाही. बहरीनमध्ये मे ते ऑक्टोबर दुपारचा पारा सहज त्याच्या पुढे असतो. सकाळी 280 दाखवणारा मार्कर दुपारी 300 ओलांडू शकतो, तेही कुणी हात न लावता. म्हणून स्पर्धेत दाबलेली हवा आणि रेग्युलेटर. गोळीचं कवच जिलेटिनचं, ते दमट उकाड्यात फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेली गोळी नळीतच फुटते, मऊ पडलेली अंगावरून उडून जाते. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेलं खोकं सरळ फेकून द्यावं.

जुना इलेक्ट्रॉनिक मार्कर विकत घेणार असाल तर आधी त्याचा मोड आणि डिबाउन्स विचारा, नि सेटिंग कुलूपबंद करणारा टूर्नामेंट लॉक लागतो का ते पाहा. सेटिंग बदलायला हत्यार लागलं पाहिजे. आणि गोळीचा वेग सकाळी मोजला असला तरी दुपारच्या सामन्याआधी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापक यंत्रावर, पुन्हा मोजा.