पुंगळीची चीर

सोलापुरात, सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आहे. तिथे, आणि एकूणच पोलीस दलात, गोळीबाराचा सराव शेवटच्या गोळीने संपत नाही. मागे पडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वेचायच्या असतात, मोजून जमा करायच्या असतात. मोजताना एखादी पुंगळी बोटाला वेगळी लागू शकते: तोंडाशी केसाएवढी उभी चीर. मनात पहिला संशय येतो तो काडतुसात दारू जास्त झाल्याचा. पण चीर कुठे आहे आणि कोणत्या दिशेने गेली आहे, हे पाहिल्याशिवाय दारूवर आळ घेऊ नये.

काडतुसाच्या पितळात ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. चकतीची वाटी करतात आणि ती ओढत ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीला धातू कडक होतो, म्हणून मधेमधे तापवून नरम करावा लागतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. हातोडीच्या ठोक्यांनी भांडं कसं ताठरतं, हे तो रोज पाहतो. पुंगळीचं बूड कडक हवं, तोंड नरम. लष्करी काडतुसाच्या गळ्यावर दिसणारी निळसर-तपकिरी झाक त्या शेवटच्या तापवण्याची खूण असते, डाग नव्हे.

बार झाला की तोंड फुगतं. पुंगळी पुन्हा वापरायची असेल, तर भरण्यापूर्वी ते साच्यात दाबून आवळतात. तार वाकवून सरळ करत राहिल्यासारखंच हे. काही फेऱ्यांनंतर तोंड चिरतं. गळा वेळेवर तापवला तर आयुष्य वाढतं, मात्र आच बुडापर्यंत पोहोचता कामा नये. बूड नरम पडलं तर ते फुटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

बुडाच्या जरा वर आडवी चकचकीत रेघ दिसली, तर प्रकरण गंभीर. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली की तिथे खाच लागते. पुंगळीला मागे-पुढे जास्त मोकळी जागा मिळाली की भिंत तिथे ताणून पातळ होते. .३०३ ली-एन्फील्डमध्ये पुंगळी मागच्या कडेवर टेकते आणि गळ्याखालच्या खांद्यापुढे बरीच जागा उरते. साच्यात खांदा फार मागे रेटला, तर पुढच्या बाराला पुंगळी पुन्हा ताणली जाते. अशी पुंगळी मोडीतच काढायची. (परवान्याशिवाय काडतूस बनवणं भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावं.)

सगळ्यात चकवणारी चीर मात्र बार न होताच पडते. ब्रिटिश लष्कराची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्याजवळ साठवली जात, आणि पेटीत पडल्या पडल्या फाटत. पावसाळ्यात घडतं म्हणून त्याला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली कारण मांडलं: घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया, दमट हवा आणि ओढकामातून पितळात उरलेला ताण. तिन्ही एकत्र आले की चीर पडते. सोलापूरचं कोरडं ऊन एकटं हे करत नाही.

उपाय साधा निघाला. पुंगळीला सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसची सौम्य आच दिली, की ताण जातो आणि कडकपणा जवळपास तसाच राहतो. ताण खरंच गेला का, हे पाहायला पुंगळी पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणात बुडवत. ताण उरला असेल, तर काही मिनिटांत ती डोळ्यांदेखत उकलायची.