गिटारचा खरखरीत नाद आणि ट्रान्झिस्टरची अभिनती

लंडन येथे आर्बायटर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९६६ साली ‘फझ फेस’ नावाची एक वाटोळी धातूची पेटी विक्रीस आणली. तीवरील दोन खुंट्या डोळ्यांसारख्या व पायपट्टी तोंडासारखी दिसे, म्हणून हे नाव. गिटार व विवर्धक यांच्यामध्ये ही पेटी जोडली आणि पायाने कळ दाबली की गिटारचा स्वच्छ स्वर जाड, खरखरीत व दीर्घकाळ टिकणारा होतो. जिमी हेंड्रिक्सच्या वादनामुळे हा नाद जगभर पोचला. पेटीच्या आत पाहिले तर दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्रे, दोन खुंट्यांचे बदलते रोधक आणि ९ व्होल्टांची बॅटरी, एवढाच संसार. हौशी मंडळी आजही ती घरी बनवितात. परंतु नकाशाबरहुकूम जुळविलेल्या दोन पेट्याही पुष्कळदा सारख्या वाजत नाहीत. एकीचा नाद भरदार असतो, तर दुसरी स्वर मध्येच तोडते.

याचे कारण अभिनतीत शोधावे लागते. ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये अल्पसा प्रवाह सोडला असता कलेक्टरमधून त्याच्या कित्येक पट प्रवाह वाहतो. मात्र हा प्रवाह एकाच दिशेने वाहू शकतो आणि गिटारच्या तारेचे कंपन तर दोन्ही बाजूंना होते. म्हणून तार स्तब्ध असतानाही ट्रान्झिस्टरमधून काही स्थिर प्रवाह चालू ठेवावा लागतो. या व्यवस्थेस अभिनती म्हणतात. माजघरातील झोपाळा दोन भिंतींच्या बरोबर मध्ये टांगला तर मोठा झोका दोन्हीकडे सारखाच आदळेल. एका भिंतीजवळ टांगला तर लहान झोकाही तिच्यावर आपटेल. रेडिओच्या विवर्धकात असे आपटणे हा दोष मानतात. येथे तोच हवा असतो. पण तरंगाचा माथा कोणत्या बाजूने व किती छाटला जावा, हे झोपाळा कोठे टांगला आहे यावर ठरते.

फझ फेसमधील ट्रान्झिस्टर पी-एन-पी जातीचे होते व बॅटरीचे धन टोक भूमीस जोडलेले होते. चिन्हे सोडून केवळ आकडे पाहू. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे ४.५ व्होल्ट दाब असावा असा संकेत आहे. त्याच्या वाटेतील ८,२०० व ४७० ओहमचे रोधक मिळून ८,६७० ओहम होतात; उरलेले ४.५ व्होल्ट त्यांवर पडावयाचे तर प्रवाह सुमारे ०.५२ मिलिअँपिअर हवा. हाच प्रवाह एमिटरखालील १,००० ओहममधून जाऊन तेथे सुमारे अर्धा व्होल्ट निर्माण करतो, आणि त्यातूनच १,००,००० ओहमच्या रोधकामार्गे पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला प्रवाह मिळतो. पहिल्याच्या कलेक्टरला ३३,००० ओहमचा रोधक असल्याने त्याच्या वाट्यास केवळ पाव मिलिअँपिअर येतो. दोघे असे एकमेकांस बांधलेले असल्यामुळे एकाचे बिघडले की दुसऱ्याचेही बिघडते.

आणि जर्मेनियम बिघडण्यास उष्णता पुरते. बेसला काहीही न देताही त्यातून थोडा प्रवाह झिरपतो, व तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की ही गळती स्थूलमानाने दुप्पट होते. एखाद्या ट्रान्झिस्टरमध्ये २० अंशांवर ६० मायक्रोअँपिअर गळती असेल, तर ४० अंशांवर ती २४० होईल. म्हणजे पहिल्या ट्रान्झिस्टरचा जवळजवळ सगळा पाव मिलिअँपिअर गळतीनेच खाल्ला! मग त्याचा कलेक्टर खाली ओढला जातो, दुसऱ्याचा प्रवाह आटतो, त्याच्या कलेक्टरवरील दाब ९ व्होल्टांकडे सरकतो आणि स्वर फुटक्या भांड्यासारखा तुटक ऐकू येतो. लंडनच्या हवेत निवडलेले रोधक नागपूरच्या मे महिन्यात चालतीलच, असे गृहीत धरता येत नाही. सिलिकॉनची गळती फारच अल्प असल्याने ही अडचण तेथे जवळजवळ नाही. मात्र पुष्कळ वादकांना त्याचा नाद अधिक धारदार वाटतो.

घरी पेटी बनविणाऱ्याने म्हणून ८,२०० ओहमच्या जागी २०,००० ओहमचा लहान बदलता रोधक बसवावा, मीटर कलेक्टर व भूमी यांना लावावा आणि ४.५ व्होल्ट येईपर्यंत स्क्रू फिरवावा. डाख दिल्यावर लगेच मोजू नये. ट्रान्झिस्टर निवेपर्यंत वाट पाहावी. निम्मा दाब हा आरंभ समजावा. तेथून थोडे इकडेतिकडे सरकवून कानास जे रुचेल ते ठेवण्यास काहीच हरकत नाही, किंबहुना तेच योग्य.

ट्रान्झिस्टर विकत घेतानाच गळती तपासणे अधिक शहाणपणाचे. बेस मोकळा ठेवून कलेक्टर व एमिटर यांमधून, मध्ये २,२०० ओहमचा रोधक व मायक्रोअँपिअर मोजणारा मीटर घालून, बॅटरी योग्य दिशेने जोडावी आणि ट्रान्झिस्टर दोन बोटांत धरावा. बोटांच्या उबेनेच काटा चढू लागतो, आणि सोडल्यावर सावकाश उतरतो. पहिल्या जागेसाठी ज्याचा काटा कमीत कमी चढेल तो निवडावा.