बीबीएची रचना समजून घ्या, संशोधनाची तयारी तिथूनच सुरू होते

बीबीए करताय आणि पुढे पीएचडीचा विचार मनात आहे? मग आपली पदवी कशी बांधलेली आहे, हे आधी नीट बघायला हवं. चला, बघूया.

श्रेयांकांचं गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. त्यानुसार तीन वर्षांच्या, म्हणजे सहा सत्रांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या पदवीला 160. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात 15 तास. म्हणजे मार्केटिंगचा पेपर चार श्रेयांकांचा असेल, तर वर्गात 60 तास.

या 120 पैकी किमान 60 श्रेयांक मुख्य विषयाचे. बीबीएत त्यात व्यवस्थापनाची तत्त्वं, अकाउंट्स, मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ असे पेपर येतात. उरलेल्यात दुय्यम विषय, इतर शाखांचे पेपर, भाषा, कौशल्यं, मूल्यशिक्षण आणि इंटर्नशिप. नेमकी वाटणी विद्यापीठागणिक बदलते, म्हणून स्वतःचा अभ्यासक्रम डाउनलोड करून वाचाच.

वर्गात काय शिकवतात?

व्याख्यानं, प्रेझेंटेशन, केस स्टडी आणि प्रोजेक्ट. यातली केस स्टडी महत्त्वाची. समजा, एका आइस्क्रीमच्या दुकानाची विक्री जुलैमध्ये घटली. बीबीएच्या वर्गात प्रश्न येतो: मालकाने काय करावं? सूट द्यावी की जाहिरात? हाती आहे तेवढ्या माहितीवर निर्णय घ्यायला ही पद्धत शिकवते, आणि व्यवसायात ते लागतंच.

संशोधक मात्र इथे थांबतो. विक्री घटली, ती कशाच्या तुलनेत? मे महिन्याच्या की मागच्या जुलैच्या? पावसाळ्यात ती दरवर्षीच घटत असेल, तर मुळात समस्या आहे का? म्हणजे व्यवस्थापक विचारतो "आता काय करू?" आणि संशोधक विचारतो "हे खरं कशावरून?" पदवीत पहिल्या प्रश्नाचा सराव भरपूर होतो, दुसऱ्याचा कमी.

प्रोजेक्टचंही तसंच. अनेकदा गुगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला जातो, पन्नास मित्र भरतात, पाय चार्ट तयार! याला सोयीचा नमुना म्हणतात. सराव म्हणून ठीक आहे, पण त्यावरून "शहरातले ग्राहक असा विचार करतात" असं म्हणता येत नाही.

चौथं वर्ष आणि 75 टक्के

नव्या आराखड्यात तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. चौथ्या वर्षी दोन वाटा: साधं ऑनर्स किंवा संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्या वाटेवर 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो आणि त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के लागतात. ही सोय प्रत्येक कॉलेजात असेलच असं नाही, तेही आधी विचारून घ्या.

पीएचडीच्या 2022 च्या नियमांतही हाच आकडा आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट अर्ज करायचा, तर किमान 75 टक्के हवेत. नाहीतर आधी पदव्युत्तर पदवी करायची, तिथे 55 टक्के पुरतात. राखीव प्रवर्गांना दोन्हीकडे 5 टक्क्यांची सवलत मिळू शकते. आता लक्षात आलं? गुण पहिल्या सत्रापासून मोजले जातात. तिसऱ्या वर्षी जाग आली, तर थेट जाण्याची वाट तोवर बंद झालेली असू शकते.

आजच करा

एका विषयासाठी तीन रकाने आखा: अभ्यासक्रमात काय लिहिलंय, वर्गात काय शिकवलं, परीक्षेत काय विचारलं. जॉन गुडलॅड या शिक्षणतज्ज्ञाने अभ्यासक्रमाच्या अशाच वेगवेगळ्या पातळ्या मांडल्या होत्या. कागदावरचा अभ्यासक्रम आणि वर्गातला अभ्यासक्रम एकच नसतो. तुमच्या रकान्यांत जिथे फरक दिसेल, तो का पडला हे विचारा. तुमचा पहिला संशोधन प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.